तारेचं दुसरं टोक

बंगळूरु
२४ नोव्हेंबर २०२४

बाबा, जयभीम.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही चार वेळा "हो, हो" म्हणालात. नंतर आईने मेसेज केला, की तुम्हाला माझं एकही वाक्य ऐकू आलं नव्हतं. कानाचं मशीन लावलं की डोक्यात शिट्ट्या वाजतात, असं तुम्ही म्हणता. अठ्ठावीस वर्षं बर्फ कारखान्यात कॉम्प्रेसरच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाशी मी यावर भांडणार नाही. म्हणून ठरवलं, की जे खरंच सांगायचं आहे ते कागदावर लिहून स्पीड पोस्टाने सिहोऱ्याला पाठवायचं. तुम्हीही लिहा. तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

तुम्ही नेहमी विचारता, रीना तिथे करते काय? तीन वर्षं मी "तार बनवते" एवढंच सांगत आले. आता नीट सांगते, कारण या महिन्यापासून आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मला मोठं यंत्र दिलं आहे.

ती तार डोळ्यांना दिसत नाही. आपल्या डोक्याचा एक केस उभा चिरून त्याच्या काही लाख काड्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड असेल, तेवढी. ती परदेशातल्या एका प्रयोगशाळेत वाढवतात. हो, वाढवतात, परातीत धान अंकुरतं तशा त्या तारा एका चकतीवर उभ्या उगवतात. तार अर्धवाहकाची, म्हणजे मोबाइलच्या चिपमध्ये जी जात असते त्या जातीची. तिच्या दोन बाजूंवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. मी सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने एक तार उचलते आणि चिपवर आडवी ठेवते. श्वास रोखून. दहापैकी सहा वेळा ती हरवते.

मग ही चिप यंत्रात जाते. हे यंत्र म्हणजे छताला टांगलेला फ्रिज, बाबा. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या गोल थाळ्या एकाखाली एक लटकतात आणि खाली जावं तशी थंडी वाढते. सगळ्यात खालच्या थाळीवर, ज्याच्यापुढे थंडीच उरत नाही त्या शेवटच्या शून्यापासून, आपण फक्त एका अंशाच्या पन्नासाव्या भागावर असतो. तिथे अ‍ॅल्युमिनियम वेगळंच वागतं. त्यातल्या विजेला कसलाही अडथळा उरत नाही. इलेक्ट्रॉन जोड्या करून चालतात. आणि तो थर आपला हा गुण चिकटलेल्या तारेलाही देतो.

अशा तारेला चुंबकात ठेवलं, तर गणित असं सांगतं, की तिच्या दोन टोकांवर एक वस्तू प्रकट व्हावी. एकच वस्तू, पण अर्धी या टोकाला आणि अर्धी त्या टोकाला. तिला मायोराना म्हणतात. मधल्या तारेत ती कुठेच नसते. तिचा उपयोग क्वांटम संगणकासाठी, म्हणजे अशा बारीक कणांच्या नियमांवर चालणाऱ्या नव्या संगणकासाठी. तो फार नाजूक असतो, जरा ऊब लागली की त्यातली माहिती पुसली जाते. पण माहिती अशा दोन अर्ध्यांमध्ये मिळून ठेवली तर एका टोकाला धक्का लागून ती जाणार नाही, कारण ती एकट्या कुठल्याच टोकावर नसते.

ती वस्तू खरोखर आहे का, हे पक्कं कोणालाच माहीत नाही. मी ती शोधते आहे. पहिल्यांदा यंत्राचं झाकण लावून ते थंड करायला घेतलं तेव्हा मी बराच वेळ त्याच्या शेजारी उभी राहिले. काहीच दिसत नव्हतं. पण आत काय चाललं आहे ते कळत असल्यामुळे मला तिथून हलवेना.

आईला सांगा, डबा नीट खाते.

तुमची
रीना

---

सिहोरा
८ डिसेंबर २०२४

चि. रीनास जयभीम अन् खूप आशीर्वाद.

तुहं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा तुह्या आईले मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारचेही येऊन बसले, कारण मी हळू वाचलो असं मले वाटते पण तसं होत नाई म्हणते तुही आई. मी बोलतो तसंच लिहितो, हसू नको.

धान चुरून झालं, दाणा घरी आला. तळ्याखालच्या बांधीत या वर्षी चांगलं पिकलं.

मले तुह्या फ्रिजबद्दल लय प्रश्न पडले. तुमसरच्या कारखान्यात आमचं मिठाचं पाणी उणे दहावर गेलं की आम्ही खुश. तिथं अमोनिया होता. अमोनिया वाफ होतो अन् वाफ होताना ऊब ओढून घेतो, एवढ्या एका गोष्टीवर अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. तुमच्याकडं कोणता गॅस आहे? अमोनिया तं तेवढ्या थंडीत दगड होऊन जाईन. अन् दुसरं, एवढी थंडी आहे हे तुले समजते कसं? कोणतं थर्मामीटर त्यात जिवंत राह्यते? तिसरं, तुह्या यंत्राचा आवाज कसा आहे? आवाजावरून मशीनची तब्येत समजते. माह्या कारखान्यात कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह खराब झाला की मले मशीनघरात पाय ठेवायच्या आधीच समजे.

तुही आई विचारून राहिली, त्या खोलीत स्वेटर घालून बसते का. मी म्हटलं थंडी डब्यात आहे, खोलीत नाई. तिनं स्वेटर विणाले घेतलाच आहे.

ते एक वस्तू दोन टोकांवर अर्धी अर्धी, हे मी लय विचार केलो. समजलं नाई. पण खोटं वाटलं नाई.

तुहे बाबा
धनीराम

---

बंगळूरु
१९ जानेवारी २०२५

बाबा, जयभीम.

आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरं, नाहीतर पुढचं वाचताना तुमचं लक्ष लागणार नाही. गॅस हेलियमचा, दोन जातींचा, हलका आणि जड. हलका हेलियम जडमध्ये मिसळतो तेव्हा ऊब ओढून घेतो. म्हणजे तत्त्व तुमचंच, बाबा, फक्त वाफेच्या जागी मिसळणं. थर्मामीटर म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून लहान एक तुकडा. थंडी वाढली की त्यातून वीज जायला त्रास होतो, त्या त्रासावरून आम्ही थंडी मोजतो. आवाज सेकंदाला एकदीड वेळा येतो, कोणीतरी दात न उघडता "छक्" म्हणावं तसा. तो चुकला तर मलाही आता कळतं.

आता खरी गोष्ट.

गेल्या मंगळवारी सकाळी अकराची वेळ होती. तार थंड होऊन दोन दिवस झाले होते. मी तारेच्या डाव्या टोकातून थोडीशी वीज आत सोडून पाहत होते, आणि चुंबक हळूहळू वाढवत होते. पडद्यावर एक रेष येते. मधोमध शून्य. शून्याच्या दोन बाजूंना दोन टेकड्या आणि मध्ये सपाट दरी. त्या दरीत काहीच नसतं, कारण अतिवाहकात, म्हणजे विजेला अडथळा न उरलेल्या त्या थरात, तिथे इलेक्ट्रॉनला उभं राहायला जागाच नसते. चुंबक वाढत गेलं तशा टेकड्या जवळ सरकत गेल्या. आणि मग, बाबा, बरोबर शून्यावर, जिथे काहीही असायला नको त्या जागी, एक बारीक सुळका वर आला.

मी हात काढून घेतला. पुन्हा चुंबक कमी केलं, सुळका गेला. वाढवलं, परत आला. आणखी वाढवलं, तो हलला नाही. शून्यावर उभाच.

आमच्या गटात चंद्रकुमार म्हणून एक वरिष्ठ संशोधक आहेत, दुर्गचे. ते चहाचे दोन कप घेऊन आले आणि दारातच थांबले. चहा तसाच राहिला. मॅडम आल्या आणि वाकून पडद्यावरची रेष बघू लागल्या. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "पुन्हा दाखव, पहिल्यापासून."

पाच दिवस आम्ही तेच मोजतो आहोत. तो सुळका म्हणजे त्या वस्तूची खूण. मॅडमनी लेख लिहायला घेतला आहे आणि पहिलं नाव माझं राहणार आहे. मे महिन्यात त्या परदेशात परिषदेत हे मांडतील. माझी फेलोशिप जुलैत संपते. या लेखामुळे पुढचा मार्ग उघडेल असं सगळे म्हणतात.

पण ते सगळं सोडा. मी कॅन्टीनमध्ये जेवायला बसते आणि माझ्या हातून घास तसाच राहतो. दीडशे कोटी लोकांच्या या देशात त्या सकाळी ती रेष बघणारी मी एकटी होते. सिहोऱ्याच्या जिल्हा परिषद शाळेतली.

तुमची
रीना

---

सिहोरा
३० जानेवारी २०२५

चि. रीना, जयभीम.

पोस्टमननं पत्र देलं तेव्हा मी गोठ्यात होतो. तिथंच वाचलं. मंग ढेपीच्या पोत्यावर बसलो. तुही आई धावत आली, तिले वाटलं चक्कर आली. मी तिले कागद दाखवून म्हटलं, दिसलं, रीनाले दिसलं. तिनं विचारलं, काय दिसलं? मी म्हटलं, ते सांगता येत नाई, पण दिसलं.

बेटा, मी शिकलो दहावी अन् आयटीआय. तुह्या आजोबांना अक्षर येत नव्हतं, दुसऱ्याच्या बांधीत रोवणं करून त्यायनं मले शाळेत पाठवलं. तुले जे दिसलं ते त्यायले कोणत्या शब्दात सांगितलं असतं, हे दोन दिवस मनात चालू आहे.

एक गोष्ट विचारायची आहे. तू लिहिलं की ती वस्तू दोन्ही टोकांवर असते, अर्धी अर्धी. अन् तू डाव्या टोकातून पाह्यलं. मंग उजव्या टोकावर पाह्यलं का? तिथंही सुळका आला का?

विचारतो याच्यासाठी की आमच्या मिठाच्या पाण्याच्या टाकीले दोन थर्मामीटर होते, एक या टोकाले अन् एक त्या टोकाले. दोन्हीचा आकडा वहीत लिहायचा नियम होता. एकदा या टोकाले बरोबर उणे दहा, अन् त्या टोकाच्या बर्फाच्या लाद्या आतून पाणीच. पाणी फिरवणारा पंखाच बंद पडला होता. एका टोकावरून पूर्ण टाकीचं समजत नाई.

तुले माहीतच असन. सहज विचारलो.

तुहे बाबा
धनीराम

ताजा कलम: रीना, मी आई लिहिते आहे, बाबा बाहेर गेले तेवढ्यात. ते तुले सांगणार नाईत म्हणून मी सांगते. त्यायनं अख्ख्या गावाले सांगून टाकलं. १४ एप्रिलच्या जयंतीले विहारात तुहा सत्कार ठेवला आहे. लक्ष्मणराव विहार समितीचे अध्यक्ष आहेत. तू आली नाई तरी आम्ही दोघं घेऊ म्हणे. बाबा रोज दाढी करून राहिले. स्वेटर झाला, पार्सल करते.
विमला

---

बंगळूरु
१० फेब्रुवारी २०२५

बाबा,

पत्र मिळालं. स्वेटर मिळाला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: उजव्या टोकाला मोजायची सोय या चिपवर नाही. तिथे जोडणी केलेली नाही. ती करायची तर नवी तार, नवी चिप, दोनतीन महिने. जगात कितीतरी गटांनी एकाच टोकावरून मोजून लेख छापले आहेत. मॅडम या विषयात वीस वर्षं आहेत. त्यांना हे कळत नसेल असं तुम्हाला वाटतं का?

हे मिठाच्या पाण्याचं टाकं नाही, बाबा. तुमचं काम वेगळं होतं, हे वेगळं आहे. प्रत्येक गोष्ट कारखान्याशी जोडता येत नाही.

सत्काराचं मला आईकडून कळलं. लेख छापून यायच्या आधी गावभर सांगायला नको होतं. आता सांगितलंच आहे तर तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

लेख या महिनाअखेर पाठवतो आहोत. कामाची गडबड आहे.

रीना

---

सिहोरा
२२ फेब्रुवारी २०२५

चि. रीनास जयभीम.

तुहं पत्र पोहोचलं. आमच्या दोघांची तब्येत बरी आहे. लाखोरीचं पीक काढणं सुरू आहे. तू शिकलेली आहेस, तुले समजते. तब्येतीची काळजी घेजो.

धनीराम

---

बंगळूरु
२८ मार्च २०२५

बाबा, जयभीम.

तुमचं चार ओळींचं पत्र महिनाभर माझ्या पिशवीत आहे. त्यात एकही प्रश्न नाही. यंत्र कसं आहे, आवाज कसा आहे, काहीच नाही. लहानपणापासून मी तुम्हाला प्रश्न विचारल्याशिवाय राहिलेलं पाहिलेलं नाही. मी तुमचे प्रश्न बंद केले, बाबा. त्याची मला लाज वाटते आणि ते मी सगळ्यात आधी लिहिते आहे.

आता काय झालं ते ऐका.

तुम्ही विचारलंत तेव्हा मला राग आला, कारण तो प्रश्न मला आधीच पडला होता. पहिल्याच आठवड्यात. या तारांमध्ये एक तोतया असतो हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. तारेच्या टोकाशी कुठे जरा खड्डा असला, जरा अशुद्धी असली, तर तिथे एखादा साधा इलेक्ट्रॉन अडकून बसतो आणि अगदी तसाच सुळका दाखवतो. बरोबर शून्यावर. चुंबक वाढवलं तरी न हलणारा. फरक एवढाच, की तो त्या एका टोकाचाच असतो, दुसऱ्या टोकाला त्याचा पत्ता नसतो. मी हे स्वतःला रोज सांगायचे आणि रोज पुढच्या आठवड्यावर ढकलायचे. तुम्ही तो प्रश्न कागदावर लिहून पाठवलात, आणि मग ढकलायला जागा राहिली नाही.

तुमचं फेब्रुवारीचं पत्र आलं त्या दुपारी मी चंद्रकुमारना तो प्रश्न विचारला, तुमच्याच शब्दांत, टाकी आणि दोन थर्मामीटरसकट. ते खूप वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, की मलाही तेच वाटत होतं, पण तुझा आनंद बघून बोललो नाही. तिथून आम्ही दोघं मॅडमकडे गेलो. लेख पाठवायला दोन दिवस राहिले होते.

मॅडम चिडल्या. माझ्यावर नाही, असं त्या नंतर म्हणाल्या, पण त्यांच्या समोर मी उभी होते, चंद्रकुमार माझ्या मागे. त्यांनी विचारलं, की दोन महिने थांबलो आणि दुसऱ्या कोणी आधी छापलं तर? माझी फेलोशिप संपली तर? मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांनी आम्हाला बाहेर पाठवलं. संध्याकाळी त्यांचा निरोप आला, की लेख थांबवला आहे, दोन्ही टोकांना जोडणी असलेली चिप कर.

एरवी दोन महिन्यांचं काम आम्ही साडेतीन आठवड्यांत केलं. जुन्याच चकतीवरची तार घेतली. पाच तारा हरवल्या, सहावी बसली. परवा ती थंड झाली.

मी आणि चंद्रकुमार दोन पडद्यांसमोर बसलो, मी डावीकडच्या, ते उजवीकडच्या. मॅडम मागे उभ्या. चुंबक वाढवायला सुरुवात केली. माझ्या पडद्यावर टेकड्या सरकल्या, दरी अरुंद झाली आणि सुळका आला. तसाच, जानेवारीसारखाच देखणा. मी उजवीकडे बघितलं नाही. बघवलं नाही. चंद्रकुमार म्हणाले, "इकडे काही नाही, रीना."

पुन्हा केलं. अकरा वेळा केलं. माझ्या टोकाला सुळका आणि त्यांच्या टोकाला सपाट दरी. तो तोतया होता, बाबा. ती वस्तू नव्हती.

मी रडेन असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. मी त्या दोन रेषांकडे बघत राहिले आणि मला दुसरंच काहीतरी वाटलं, ते नीट लिहिता येईल की नाही कोण जाणे. एका अदृश्य तारेच्या टोकाशी, इतक्या थंडीत, कोणाला फसवायचा काही हेतू नसलेला एक इलेक्ट्रॉन बसला आहे. आणि तो इतकं हुबेहूब सोंग आणतो, की वीस वर्षं काम केलेली माणसंही खुर्ची ओढून बसतात. निसर्गाकडे असल्या बारीक जागेतही किती सामान आहे. आणि तरी त्याला नीट, दोन्ही बाजूंनी विचारलं, तर तो खरं सांगतो. लपवत नाही. जानेवारीत मला जे वाटलं होतं ते मोठं होतं, पण त्यात मी होते. परवा वाटलं त्यात मी फारशी नव्हते.

मॅडमनी परिषदेतलं भाषण रद्द करायचं पत्र माझ्यासमोर लिहिलं. मग मला विचारलं, की हा टाकीचा प्रश्न तुझ्या डोक्यात कसा आला. मी म्हटलं, माझ्या नाही, माझ्या वडिलांच्या. ते बर्फाच्या कारखान्यात होते. मॅडमनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "त्यांना सांग, ते आमच्याकडे असते तर मी त्यांना रोज बोलावलं असतं."

फेलोशिपचं अजून ठरलेलं नाही. मॅडम सहा महिने वाढवून मागणार आहेत. मिळतील की नाही ते माहीत नाही.

आता एक विनंती. १४ तारखेचा कार्यक्रम रद्द करा. ज्यासाठी सत्कार होता तेच राहिलं नाही. तुम्हाला लोकांसमोर वाईट वाटेल, त्याचं मला फार वाटतं. लक्ष्मणरावांना माझ्या नावाने सांगा, चूक माझी झाली.

आणि मला प्रश्न विचारा, बाबा.

तुमची
रीना

---

सिहोरा
१६ एप्रिल २०२५

चि. रीनास जयभीम अन् दोघांचे आशीर्वाद.

फेब्रुवारीत मले वाईट वाटलं होतं, खोटं कायले बोलू. तुह्यावर राग नव्हता. मले वाटलं, आपल्याले समजत नाई त्यात आपण कायले बोललो. आता ते निघून गेलं. त्याच्यावर परत लिहू नको.

कार्यक्रम रद्द केला नाई. झाला कसा ते सांगतो.

तुहं पत्र पाच तारखेले आलं. दुसऱ्या दिवशी मी लक्ष्मणरावांकडे गेलो अन् त्यायले मधला भाग वाचून दाखवला. ते मले पाटीवर लिहून सांगतात, बोलत नाईत. त्यायनं लिहिलं, फ्लेक्स छापून झाला, चार गावांले आमंत्रण गेलं, आता बोलू नका, कोणाले काय समजते. मी तसाच घरी आलो. घरी तुह्या आईले सांगितलं. ती तांदूळ निवडून राहिली होती. तिनं सूप बाजूले ठेवलं अन् माह्या समोर येऊन, मले तोंड दिसन असं, म्हणाली, "तिनं तिकडं सांगितलं, तं तुम्हाले इकडं सांगाले काय होते?"

मंग ठरलं.

चौदा तारखेले सांजेले वंदना झाली, भाषणं झाली. विहारापुढं मंडप भरला होता. फ्लेक्सवर तुहा कॉलेजचा फोटो अन् खाली मोठ्या अक्षरात, "क्वांटम संगणकाचा शोध लावल्याबद्दल कु. रीना हिचा जाहीर सत्कार". लक्ष्मणरावांनी शाल आणली. मी शाल घेतली नाई, माईक घेतला. रीना, मी आयुष्यात माईक धरला नव्हता. अन् मले ऐकू येत नाई, लोक हसतात का कुजबुजतात काही समजेना. मी फक्त तुह्या आईकडं पाह्यत होतो, ती पहिल्या रांगेत होती. तिनं मान हलवली की पुढचं बोललो.

मी म्हटलं, या फ्लेक्सवर चूक आहे. माह्या पोरीनं शोध लावला नाई. तिले एक वस्तू दिसली असं वाटलं होतं, सगळ्यायले वाटलं होतं. मंग तिनं दुसऱ्या बाजूनंही पाह्यलं अन् ती वस्तू तिथं नव्हती. अन् तिनं ते आपल्या तोंडानं सगळ्यायले सांगितलं. ती वस्तू अजून कोणालेच भेटली नाई. ती शोध लावून नाई, शोध घेऊन राहिली.

एवढं बोलून मी थांबलो.

चंद्रभागाबाई माहीत आहे ना तुले, तळ्याच्या पाळीवर घर आहे ते, ऐंशीच्या पुढं वय. ती काठी टेकत उठली अन् स्टेजजवळ आली. तिनं मले काही विचारलं. तुह्या आईनं हातानं अन् ओठानं समजावलं तेव्हा कळलं. बाई विचारत होती, "नाई असं सांगितल्यावर तिले तिथं कोणी रागावलं का?"

मी म्हटलं, पहिले रागावले. मंग दुसरी तार देली.

बाईनं मान हलवली अन् परत जागेवर जाऊन बसली. तिचं समाधान झालं.

मंग लक्ष्मणराव उठले. मले वाटलं माईक हिसकतात. ते विहाराच्या खोलीत गेले अन् काळा मार्कर घेऊन आले. खुर्चीवर चढले, फ्लेक्सवरचं "लावल्याबद्दल" खोडलं अन् वर लिहिलं, "घेत असल्याबद्दल". "क्वांटम संगणकाचा" पुढंही काहीतरी लिहाले लागले पण जागा पुरली नाई. मार्कर सरकला अन् तुह्या फोटोच्या हनुवटीवर रेघ आली. ते खाली उतरले अन् शाल पुन्हा माह्यापुढं धरली. आता मी घेतली. तुही आई रडून राहिली होती, पण ती तं लग्नातही रडते.

सानगडीहून तुहा मावसभाऊ अनुप आला होता, शाळेत विज्ञान शिकवते तो. लोकायनं त्याले धरलं, आम्हाले समजून सांग म्हणून. त्यानं चांगलं सांगितलं, तुह्या आईनं नंतर मले सगळं लिहून देलं. त्यानं सांगितलं की हे वर आभाळ आहे, चांदण्यायच्या मधात जी काळी रिकामी जागा दिसते, तिथं कोणी नाई, सूर्य नाई, काही नाई, ती जागा लय थंड आहे. पण रीनाच्या त्या डब्यातली थंडी त्याच्याहीपेक्षा शंभर पटीनं जास्त. म्हणजे आपल्याले माहीत असलेल्या साऱ्या जगात तेवढी थंड जागा निसर्गानं कुठं केलेली दिसत नाई. ती माणसायनं केली. अन् तिथं बसून आपल्या गावची पोरगी पाह्यते, की काय आहे अन् काय नाई.

त्यानंतर पंगत बसली. मंडपाच्या बाहेर, उघड्यावर. भात वाढला, वरण वाढलं, अन् मी वाढाले उभा होतो तं पाह्यलं, अर्धी पंगत हात थांबवून वर पाहून राहिली होती. कोणी काही बोलत नव्हतं, हे मले ऐकू येत नसलं तरी दिसत होतं. चंद्रभागाबाईनं डोळ्यावर हाताची सावली धरली होती, जसं उन्हात धरतात तसं, अन् ती चांदण्या सोडून मधलं काळं पाह्यत होती.

मी वरणाची बादली खाली ठेवली अन् मीही पाह्यलं.

तुहे बाबा
धनीराम